न झालेला भूगोलाचा पेपर

2020 सालच्या मार्च महिन्यात, तेवीस तारखेला, दहावीचा भूगोलाचा पेपर व्हावयाचा होता. बाकीचे विषय आटोपले होते, नकाशासाठी रंगीत पेन्सिली टोके काढून कंपासपेटीत ठेवल्या गेल्या होत्या, आणि चाळीस गुणांचा तो शेवटचा कागद एकदा लिहून दिला की पुढे सुट्टी, आंबे, पालखी आणि मुंबईहून येणारी भावंडे, असा हिशेब कोकणातील मुलांनी मनाशी करून ठेवला होता. साडेसतरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्या वर्षी राज्यात परीक्षेसाठी नावे नोंदवली होती. पेपर आधी लांबणीवर पडला, एप्रिलात तो रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि इतर विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्याची तजवीज शिक्षण मंडळाने केली. मोठ्या माणसांना ही सोय वाटली. परंतु ज्या मुलाने वर्षभर नकाशे गिरवले होते आणि इतर विषयांत जे निसटले ते भूगोलात भरून काढू अशी उमेद धरली होती, त्याच्या दृष्टीने ती सोय नव्हती. आपल्या हातातील गोष्ट आपल्याला न विचारता कोणीतरी काढून घेतली, हा महासाथीचा पहिला धडा त्याला तेथे मिळाला. पुढची दोन वर्षे त्या पिढीला हाच धडा निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

हे प्रकरण राजापूरच्या आधारे लिहिण्याचे कारण असे की, किशोरवयीनांच्या मनाला महासाथीत काय झाले आणि त्यावर योजलेल्या उपायांची ताकद किती, हे पाहण्यास हा तालुका उत्तम आहे. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी वसलेले हे जुने बंदर. एके काळी येथे इंग्रजांची वखार होती, येथले पंचे दूरवर नावाजले गेले, आणि उन्हाळे गावची गंगा आली की अजूनही चौदा कुंडांवर माणसांची रीघ लागते. मात्र बंदराची भरभराट कधीच ओसरली, आणि घराघरातला कर्ता पुरुष गेल्या कित्येक पिढ्या मुंबईला चाकरीस आहे. शेत आहे, पण त्यावर वर्ष निघत नाही. कलमे आहेत, पण मोहोराचा भरवसा नाही. सबब मुलाने शिकावे, टक्के पाडावेत आणि बाहेर पडावे, हीच येथली सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची गुंतवणूक ठरली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून हा विभाग दहावीच्या निकालात राज्यात अव्वल राहत आला आहे. 2020 सालीसुद्धा राज्याचा निकाल 95.30 टक्के लागला असता कोकणाचा 98.77 टक्के लागला. या आकड्याचा आम्हांला अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. तथापि ज्या गावात शंभरातील नव्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, त्या गावात उरलेल्या एकाला तोंड कोठे लपवावे हे कळत नाही, आणि नव्याण्णवांतीलही पुष्कळांना "टक्के किती पडले?" या प्रश्नाच्या धाकाने निकालाच्या दिवशी जेवण जात नाही, ही त्या अभिमानाची दुसरी बाजू आपण फारशी पाहत नाही.

आपल्याकडे मुलांचे वर्णन दोन शब्दांत होते. अमका हुशार आहे, तमका ढ आहे. जमिनीच्या सातबारावर नाव चढावे तसे हे शब्द मुलाच्या नावापुढे चौथी-पाचवीत चढतात, आणि त्यांचा फेरफार करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

अशा या गावांत टाळेबंदी लागली तेव्हा 1897 सालचा, प्लेगाच्या दिवसांतला, साथरोगांचा कायदा पुन्हा दफ्तरातून बाहेर आला. एस.टी. थांबली. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईची दहा बाय बाराची खोली सोडून चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावी परतू लागले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलेही आली. दर मे महिन्यात ज्यांच्या वाटेकडे डोळे लागायचे, त्यांनाच त्या वर्षी गावच्या वेशीवर थांबवले गेले. ग्रामकृती दलाची माणसे नावे लिहून घेत, आणि चौदा दिवसांच्या विलगीकरणासाठी जी जागा सर्वांत सोयीची ती म्हणजे गावची मराठी शाळा. ज्या वर्गात वडील शिकले, त्याच वर्गातल्या फरशीवर मुलगा वडिलांशेजारी अंथरूण घालून निजला, आजी जेवणाचा डबा व्हरांड्याच्या कडेला ठेवून दूर उभी राहिली आणि तेथूनच विचारीत राहिली, "बाळा, जेवलास काय रे?" रोगाची भीती खरी होती, गावाने घेतलेली काळजीही खरी होती, पण आपल्याच गावाने आपल्याला परके मानले, हा घाव पंधराव्या वर्षी जितका खोल जातो तितका पन्नासाव्या वर्षी जात नाही.

पुढे शाळा बंद असल्या तरी शिक्षण सुरू राहील, असे शासनाने जाहीर केले. सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" आली, ती पहिली ते आठवीच्या लेकरांसाठी होती. नववी-दहावीची भिस्त मोबाइलवर, आणि मोबाइल घरात एक. तो बाबांचा, त्यांच्या कामाच्या वेळेखेरीज मिळणारा. शिवाय राजापूरच्या वाड्या खोल वहाळांच्या कुशीत वसलेल्या असल्यामुळे तेथे रेंज पोहोचत नाही, म्हणून मुले वर सड्यावर जात. बारसू किंवा देवाचे गोठणे येथल्या ज्या उघड्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे कोरली, तसल्याच कातळांवर करवंदीच्या जाळीआड, आणि पाऊस आला की छत्रीखाली, या मुलांनी बीजगणित ऐकले. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला तिच्या भावांनी डोंगरावर अभ्यासासाठी झोपडी उभारून दिल्याची बातमी त्या पावसाळ्यात सर्वत्र गाजली. त्या बातमीने लोकांचे डोळे पाणावले, जिद्दीचे कौतुक झाले. मला मात्र ती वाचताना ज्यांना भाऊ नव्हते आणि ज्यांच्यासाठी झोपडी उभी राहिली नाही, अशा मुलींची आठवण अधिक झाली.

या काळातील किशोरांच्या मनःस्थितीविषयी जगभर जी पाहणी झाली, तिचे सार असे: 2021 साली निरनिराळ्या देशांतील 29 अभ्यासांचे, म्हणजे 80 हजारांहून अधिक मुलामुलींचे, एकत्रीकरण करण्यात आले, तेव्हा दर चारांतील एकात खिन्नतेची आणि दर पाचांतील एकात चिंतेची ठळक लक्षणे आढळली. आपल्या देशाची कथा निराळी आणि अधिक विचारात टाकणारी आहे. महासाथीपूर्वीच, 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, 13 ते 17 वयाच्या मुलांपैकी 7.3 टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले होते. म्हणजे साठांच्या वर्गात चार मुले. आणि 2021 च्या ऑक्टोबरात युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालात 21 देशांतील तरुणांना विचारले गेले की, मनाला त्रास होत असता दुसऱ्याची मदत घेणे चांगले काय? सर्व देशांची सरासरी काढता 83 टक्क्यांनी होय म्हटले. भारतात होय म्हणणारे 41 टक्के होते. आमची मुले कमी दुःखी नाहीत. दुःख बोलून दाखवण्याची त्यांना लाज वाटते. रत्नागिरीस मनोरुग्णालय 1886 पासून आहे, परंतु त्याचे नाव आमच्या भाषेत आजवर एक शिवी म्हणूनच अधिक वापरले गेले. अशा ठिकाणी पंधरा वर्षांचा मुलगा आईला "मला काही सुचत नाही" एवढेसुद्धा सांगत नाही. तो "डोकं दुखतंय" म्हणतो, आणि आई बाम चोळते.

आता उपायाकडे, म्हणजे मुलाचे स्वतःविषयीचे गृहीत बदलण्याकडे, वळू. ज्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने आपण माइंडसेट म्हणतो, त्यास मी मनोधारणा म्हणेन. कारण प्रश्न येथे विचारांचा नसून, आपण स्वतःविषयी जे गृहीत धरून चालतो त्याचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी 2006 च्या आपल्या पुस्तकाने हा शब्द लोकांच्या तोंडी घातला, तथापि त्या कल्पनेचा पाया घालणारे प्रयोग जुने आहेत. 1998 साली ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना काही कोडी सोडवावयास दिली. ती सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" असे म्हटले, आणि काहींना "तू मेहनत घेतलीस" असे म्हटले. नंतर अवघड कोडी दिली, ती कोणालाच धड सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली असता, ज्यांना हुशार म्हटले गेले होते ती मुले पहिल्यापेक्षाही मागे पडली, मेहनतीचे कौतुक झालेली पुढे गेली. याहून विदारक गोष्ट अशी की, आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलास लिहून कळवावयास सांगितले तेव्हा हुशार ठरलेल्यांपैकी दहांत जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. एका वाक्याच्या स्तुतीने भली मुले खोटे बोलू लागली. कारण हुशारी ही जर जन्मतः मिळालेली वस्तू असेल, तर प्रत्येक अपयश म्हणजे ती आपल्याकडे नव्हतीच याचा पुरावा ठरतो, आणि पुरावा लपवावाच लागतो. आमच्या गावातील "हुशार" या शब्दाने आजवर किती मुलांना असे भित्रे केले असेल, या विचाराने शिक्षक मंडळींनी एकदा तरी अस्वस्थ व्हावे.

यावरून पुढे शाळांतून चालवण्याचे छोटे कार्यक्रम निघाले. डेव्हिड यीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 65 शाळांत, नववीच्या सुमारे 12 हजार मुलांवर, तासाभराहूनही कमी वेळाचा असा कार्यक्रम करून पाहिला आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडले. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण थोडे वाढले. थोडेच, पण निश्चित. त्याच वर्षी इंग्लंडमधील शंभरावर प्राथमिक शाळांत शिक्षकांकरवी झालेल्या अशाच प्रयोगाचा अहवाल आला, आणि तेथे मुलांच्या प्रगतीत काहीच फरक पडला नव्हता. या विसंगतीचे एक कारण अमेरिकेच्या अभ्यासातच सापडते: ज्या शाळांत सोबती अवघड गोष्ट अंगावर घेणाऱ्याची टर उडवीत नव्हते, तेथेच कार्यक्रमाचा परिणाम टिकला. आमच्याकडे हे शेतकऱ्यास निराळे सांगावे लागणार नाही. तरवा कितीही जोमदार असो, तो काढून ज्या मळ्यात लावायचा तेथे चिखलच नसेल तर लावणी फुकट जाते.

परंतु गुण हा या प्रकरणाचा विषय नव्हे. विषय मनाच्या आरोग्याचा आहे, आणि तेथे हीच कल्पना अधिक हळुवारपणे कामी आली. खिन्न मुलाच्या मनात बसलेले वाक्य "मला गणित येत नाही" हे नसते. ते "मी हा असाच आहे आणि असाच राहणार" हे असते. अमेरिकेतील जेसिका श्लायडर यांनी या वाक्यावर नेम धरून अर्ध्या तासाचा, एकाच बैठकीचा, संगणकावरचा कार्यक्रम रचला. त्या अर्ध्या तासात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. मुलास प्रथम सांगितले जाते की मेंदू हा घडत राहणारा अवयव आहे आणि विचार, भावना, वागणूक यांच्या वाटा त्यात नव्याने पडू शकतात. मग थोड्या मोठ्या मुलांच्या हकिकती येतात: सर्वांसमोर फजिती झाली, मैत्री तुटली, त्या दिवशी वाटले आता संपले, आणि नंतर काय झाले. शेवटी मुलाला सांगतात, तुझ्याहून लहान, अशाच अडचणीत सापडलेल्या एखाद्याला तू आज जे शिकलास ते पत्राने लिही. हे पत्र हाच त्या कार्यक्रमाचा गाभा आहे, असे मला वाटते. जो मुलगा वर्षभर उपदेश ऐकत आला, त्याच्याकडे प्रथमच कोणीतरी मदत मागते. आणि दुसऱ्याला धीर देताना वापरलेले शब्द त्याच्या स्वतःच्या कानांवरही पडतात. महासाथीच्या काळात 13 ते 16 वयाच्या, खिन्नतेची लक्षणे असलेल्या 2,452 अमेरिकन मुलांवर हा आणि दुसरा एक असाच कार्यक्रम घरबसल्या करून पाहण्यात आला. दुसऱ्या कार्यक्रमाचा भर धारणेवर नसून, मनाला बरे वाटेल अशी एखादी लहान कृती ठरवून ती करण्यावर होता. तीन महिन्यांनंतर दोन्हींनी खिन्नता कमी झालेली दिसली. घट लहान होती, हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात प्रामाणिकपणे नमूद आहे. परंतु ज्या काळी दवाखान्याची दारे लागली होती, त्या काळी दार न उघडता आत जाणारी अर्ध्या तासाची मदत लहान असली तरी टाकाऊ नव्हती.

त्याच वर्षी यीगर यांनी सहा प्रयोगांचा, चार हजारांहून अधिक मुलांचा, आणखी एक अभ्यास मांडला. छाती धडधडणे, तळहातांना घाम फुटणे ही आपण खचत असल्याची खूण नसून शरीर रक्त आणि प्राणवायू पुरवून आपल्याला कामास सज्ज करीत आहे, आणि क्षमता प्रयत्नाने वाढते, या दोन गोष्टी एकत्र समजावून दिल्यास तणाव झेलण्याची शक्ती वाढते, असे त्यात दिसले. 2020 च्या टाळेबंदीतही त्या मुलांची चिंता तुलनेने कमी राहिली.

हा विचार आपल्याला सर्वस्वी परका आहे, असे मात्र मानू नये. घटना माणसाला खचवीत नाही, घटनेविषयी त्याने बाळगलेला अविवेकी ग्रह त्याला खचवतो, हा अल्बर्ट एलिस यांचा 1955 पासूनचा सिद्धांत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी येथे रुजवला. आणि 1990 मध्ये ठाण्यास मानसिक आरोग्य संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्याने, पुस्तके आणि मुलांसाठीच्या "वेध" परिषदांतून तो मराठी घरांत नेला. महासाथीत त्या संस्थेच्या ध्वनिचित्रफिती लोकांच्या मोबाइलवर पोहोचल्या, आणि त्या आमच्या भाषेत होत्या, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे एक शंका मोकळेपणाने मांडली पाहिजे. ज्याच्या वडिलांचा मुंबईतला पगार चार महिने आलेला नाही, मे 2021 च्या तौक्ते वादळात ज्याच्या घरावरची कौले उडाली, त्या मुलाला "तुझी मनोधारणा बदल" असे सांगणे हा उपचार आहे की अन्याय? तो अन्याय होऊ शकतो, आणि या क्षेत्रात उत्साहाने वावरणाऱ्यांनी ते विसरू नये. राजापूरकरांना पुराचा अनुभव सांगावयास नको: अर्जुना आणि कोदवलीचे पाणी जवाहर चौकात शिरते आणि ओसरते, ही खात्री प्रत्येक व्यापाऱ्यास असते, आणि त्या खात्रीच्या जोरावरच तो माल माळ्यावर चढवून रात्र जागून काढतो, परंतु पाणी ओसरल्यावर दुकानातला चिखल उरतोच, आणि तो एकट्याने निघत नाही. दिवस पालटतात ही धारणा मुलाला रात्र काढण्यास बळ देते. चिखल काढण्यास माणसे लागतात.

ती माणसे मोठ्या पदव्यांचीच असावीत असे नाही, हे दाखवून देण्याचे श्रेय आमच्या शेजाऱ्यांस आहे. तेरेखोलपलीकडे, गोव्यात, 1996 पासून काम करणाऱ्या "संगथ" या संस्थेने किशोरांसाठी जो प्रकल्प चालवला, त्यात शाळेतील मुलांना तीन पायऱ्या शिकवल्या गेल्या: अडचण नेमकी कोणती ते ओळखणे, तिच्यावरचे पर्याय मांडणे, आणि त्यांतील एक करून पाहणे. दिल्लीच्या सरकारी शाळांतील सुमारे अडीचशे मुलांवर हा प्रयोग झाला तेव्हा समुपदेशक हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. आणि मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार त्यांच्या मदतीने हलका झाला. केनियात "शमिरी" या कार्यक्रमात तर नुकतीच शाळा संपवलेली मुले चार आठवडे, आठवड्यास एक तास, धाकट्यांशी मनोधारणा, कृतज्ञता आणि जीवनमूल्ये यांविषयी बोलली, आणि खिन्नता व चिंता दोन्ही उतरल्या. हे वाचताना मला राजापूर तालुक्यातली वाडी न् वाडी डोळ्यांपुढे दिसते. प्रत्येक वाडीत बारावी झालेला कोणी दादा, कोणी ताई असतेच; गणपतीत आरत्यांची पुस्तके तेच वाटतात, क्रिकेटचे सामने तेच भरवतात. महासाथीत पडवीत, अंगणात, देवळाच्या ओट्यावर चार-चार मुले जमवून ज्या शिक्षकांनी पाढे आणि कविता चालू ठेवल्या, त्यांनी अजाणता हेच केले; मुलाचे नाव घेऊन "काय रे, कसा आहेस?" असे विचारणारे मोठे माणूस दाराशी येत होते, ही त्या मुलाच्या लेखी मनोधारणेची पहिली शिकवणी होती. शासनाने माध्यमिक शिक्षकांना किशोरांच्या मनाविषयी "अविरत" नावाचे प्रशिक्षण महासाथीपूर्वीच दिले होते. त्या प्रशिक्षणाची उजळणी, आणि तिच्यात वाडीतल्या या दादा-ताईंची भर, एवढे तालुक्याला सहज परवडणारे आहे.

2021 साली दहावीची परीक्षा मुळीच झाली नाही. राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला, आणि अंतर्गत मूल्यमापनावर मिळालेली ती गुणपत्रिका हाती घेताना कित्येक हुशार मुलांना आनंद झाला नाही, कारण आपण खरोखर हुशार होतो की नाही हे आता कधीच कळणार नाही, असे त्यांना वाटत राहिले. ती मुले आज विशीत आहेत. कोणी मुंबईत, कोणी पुण्यात नोकरीस असेल, आणि मे महिन्यात गावी येईल. राजापूरच्या वाचकांस माझी विनंती आहे की, त्यांच्यापैकी कोणी भेटल्यास त्या वर्षाविषयी विचारावे, आणि टक्के विचारू नयेत. एखाद्याचे उत्तर आपल्याला पेलणारे नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्याला द्यावा. तेथे पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.